चौथ्या आळीची घंटा

शाळेत असताना कोणी गाव विचारलं की मी सरळ गोवा सांगून मोकळी व्हायचे. ते सोपं पडायचं. नाव रोवीना, गळ्यात क्रॉस, म्हणजे गोवा नाहीतर मंगळूर, फार तर केरळ. एवढ्यावर वर्गातल्या मुलींचं समाधान व्हायचं. वसई म्हटलं की प्रश्नांची रांग लागायची. ख्रिश्चन आहेस आणि घरी मराठी बोलता? मग तुम्ही बाटलात कधी? हा शेवटचा प्रश्न मुली विचारत नसत, पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका काकूंनी मोदक मोडता मोडता मम्मीला अगदी मायेने विचारला होता. "मोजलं नाही हो, चारशे वर्षं तरी झाली असतील," असं मम्मीने तितक्याच मायेने सांगितलं. घरी येताना गाडीत मम्मी-पप्पा त्यावर पोट धरून हसले. मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला तेव्हा त्या चारशे वर्षांची लाज वाटायची. आता लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती एकदाची लिहून टाकावी म्हणून हे प्रकरण आहे. तिशीत कसलं आत्मकथन लिहितेस, असं घरचे चेष्टेने विचारतात. पण ज्यांच्यापाशी आपल्याला काही कबूल करायचं असतं ती माणसं आपलं वय व्हायची वाट बघत थांबत नाहीत, हे मला जरा उशिराच कळलं.

आम्ही शारजात राहायचो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, खाली एक मल्याळी किराणा आणि समोर मशीद. पप्पा हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात वेल्डिंगची तपासणी करायचे. दिवसभर लोखंडाच्या सांध्यांवर टॉर्च मारून खोट शोधायची, आणि ती सवय घरी येऊनही सुटायची नाही. चपातीला भोक दिसलं तरी म्हणायचे, "रिजेक्टेड." तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. सकाळी आम्ही चर्चला जायचो, तिथे एका दिवसात सात-आठ भाषांतले मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, एकामागून एक चालायचे. एक गर्दी बाहेर पडतेय तोवर दुसरी आत शिरतेय, आणि पार्किंगमध्ये पप्पांचा घसा "यल्ला, यल्ला", चला चला, करून बसलेला. घरी आलो की मम्मी कपडेही न बदलता चुलीशी उभी राहायची. गावाहून आणलेला वर्षाचा मसाला तिने बिअरच्या धुतलेल्या बाटल्यांत ठासून भरलेला असायचा, तो बाटली उलटी करून तळव्यावर आपटत बाहेर काढायचा. दुबईतल्या एका सुपरमार्केटच्या आतल्या कोपऱ्यात, बिगर-मुसलमानांसाठी असलेल्या खोलीतून पप्पा डुकराचं मटण आणायचे, त्याचं इंद्याल व्हायचं. सोबत फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे, तळायचे. पीठ नीट आलेलं असलं की फुगे तेलात आपोआप उलटतात, आणि तसे उलटले की मम्मी खूश व्हायची.

महिन्यातून एका शुक्रवारी पास्कूकाका जेवायला यायचे. ते काही माझे सख्खे काका नव्हेत. गावी चौथ्या आळीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. फुजैराला एका तेलाच्या टर्मिनलवर होते, लग्न केलं नव्हतं, आणि गावी आई आणि धाकटा भाऊ एवढंच त्यांचं कुटुंब. दोन तास बसने यायचे, येताना माझ्यासाठी चॉकलेट आणि मम्मीसाठी ताजी मासळी बर्फात घालून आणायचे. बोलायचे फार कमी. जेवण झालं की गावची सुकेळी निघायची, सुकवलेली केळी, पेंढ्यासारख्या वाळक्या पानात गुंडाळलेली. काका एक सुकेळं पाऊण तास चघळत बसायचे. मी कंटाळून जायचे.

दर मे महिन्यात आम्ही गावी जायचो आणि मला तिथली एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे दुपारचं रिकामं चर्च. भिंती हातभर जाड, त्यामुळे आत माठातल्यासारखा गारवा. फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले, त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं इतक्या पिढ्यांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेली. लाकडी अल्तारावर, म्हणजे वेदीवर, द्राक्षांचे वेल कोरलेले होते, पण ज्याने कोरले त्याने द्राक्षं कधी पाहिलेली नसावीत, कारण ते घोस अगदी सुपारीच्या घडांसारखे दिसायचे. आणि मनोऱ्यात घंटा. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा ठिकठिकाणच्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. आमच्या लोकांनी म्हणे आपली घंटा रातोरात उतरवून बावखलात, म्हणजे गावच्या तळ्यात, बुडवून ठेवली आणि सगळं शांत झाल्यावर बाहेर काढली. तिचा आवाज जरा बसका आहे तो त्या चिखलामुळे, असं गावात सगळे सांगतात. खरं-खोटं कोणाला माहीत, पण दुसरं कारणही कोणी शोधायला गेलं नाही.

घंटेचा दोर इनासबाबांच्या घराण्याकडे होता. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा, सगळे तोच दोर ओढत आलेले. मरणाची घंटा कशी वाजवायची याची आमच्या गावची रीत ठरलेली होती. बाप्या माणूस गेला तर तीन-तीन ठोके तीनदा. बाई गेली तर दोन-दोन ठोके तीनदा. मग थोडं थांबायचं, आणि मग आळीचा आकडा. पाच आळ्यांचं गाव. शेतात वाकलेली माणसं उभी राहून मोजायची आणि कोण गेलं ते नाव यायच्या आधीच समजायची. घंटा झाली की त्या घरी कोणी लगेच धावायचं नाही, फोन करायचा नाही, हीदेखील रीतच. आत माणसाला शेवटची आंघोळ घालत असतात. घरच्यांनी निरोप पाठवला की मग जायचं. हे सगळं इनासबाबांनी मला मनोऱ्याच्या पायरीवर बसवून शिकवलं होतं. आमची आजी तरुणपणी त्यांच्या घरी न चुकता पेज पाठवायची, त्यांची आई आजारी असताना, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष जीव.

माझ्या आजीच्या वेळी पप्पांना जाता आलं नाही. यार्डात शटडाऊनचं काम होतं. इनासबाबांच्या नातवाने तेव्हा दोराजवळ फोन धरून घंटा रेकॉर्ड केली आणि पप्पांना पाठवली, आणि त्यातूनच पुढे ती पद्धत पडली. गल्फमधल्या गावकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. गावातलं कोणी गेलं की इनासबाबा घंटा वाजवायचे, रेकॉर्ड करायचे आणि ग्रुपवर टाकायचे. शब्द एकही नाही, नुसते ठोके. कुवेतला, मस्कतला, दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये, जिथे कुठे आमची माणसं असतील तिथे ती हातातलं काम ठेवून मोजायची. नाव नंतर चर्चच्या ऑफिसमधून यायचं. आजीचं रेकॉर्डिंग पप्पांनी कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. बाल्कनीत जायचे, दार ओढून घ्यायचे. मग त्यांचा तो फोन एकदा यार्डात पाण्यात पडला आणि त्यातलं सगळं गेलं. त्या आठवड्यात पप्पांनी एकही चपाती रिजेक्ट केली नाही.

मी दहावीत असताना शाळेत हेरिटेज वीक होता. प्रत्येकाने आपल्या गावची एखादी जुनी गोष्ट मांडायची. कोणी कलमकारी आणली, कोणी कथकलीचा मुखवटा. माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण गोव्याचं खोटं गाव सांगितलं की तिथली वस्तू आणायची कुठून? शेवटी नाइलाजाने मी वसईच्या चर्चबद्दल बोलले, आणि बोलता बोलता घंटेची ती रीत सांगितली. मॅडमनी चष्मा काढला. "धिस इज ॲन ओरल कोड! कॅन यू ब्रिंग अस द साउंड?" मी म्हटलं, ऑफ कोर्स. माझ्या गावाबद्दल कोणीतरी पहिल्यांदाच अशा डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. मला त्याची नशाच चढली, दुसरा शब्द नाही.

ग्रुपवरच्या घंटा होत्या की, असं कोणीही म्हणेल. पण मी ग्रुपवर नव्हते, आणि मम्मी-पप्पांचे फोन मागायचे तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मरणाच्या घंटेचं प्रदर्शन मांडायला पप्पांनी कधीच हो म्हटलं नसतं. म्हणून मी गुरुवारी इनासबाबांना थेट फोन लावला. त्यांची बोली सामवेदी, ती मला लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहिते.

"बाबा, घंटा रेकॉर्ड करून पाठवाल? आजीसाठी वाजवलेली, तशी."

"बाय, कोणी मेल्याशिवाय ती वाजत नाही. दुपारच्या प्रार्थनेची पाठवतो, ती घे."

मग म्हटलं, "माझ्यासाठी नको आहे. पप्पांसाठी. त्यांच्या फोनमधून आजीची घंटा गेली. ते रडतात, बाबा. आजीच्या वर्षाला त्यांना एकदा ऐकायचीय, पण तुमच्याकडे मागायची लाज वाटते त्यांना."

यातलं फोन बुडाल्याचं खरं होतं, आणि पप्पांचं दुःखही खरं असणार. बाकी सगळं मी तिथल्या तिथे रचलं. पलीकडे इनासबाबांनी दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या दुपारी गाव झोपलेलं असतं, तेव्हा बघतो. लोलकाला टॉवेल बांधीन. तुझ्या आजीसाठी करतो हां, दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं." मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. मला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. काका जेवायला आले होते. त्यांच्या आईने दोन दिवसांपासून अन्न सोडलंय असं भावाने कळवलं होतं, म्हणून मम्मी त्यांना आग्रहाने वाढत होती आणि ते नुसते भात चिवडत होते. एवढ्यात तिघांचे फोन एकदम वाजले. पप्पांनी डाव्या हाताने फोन उचलला, बघितलं, आणि टेबलाच्या मध्ये ठेवून बटण दाबलं. टण टण. थांबा. टण टण. थांबा. टण टण. पप्पांची बोटं टेबलावर मोजत होती. मग ती लांब शांतता, आणि मग एक, दोन, तीन, चार.

"बाईमाणूस. चौथी आळी," पप्पा म्हणाले.

काका उभे राहिले. हाताला भात तसाच.

"आवाज असा दबका का येतोय?" मम्मी म्हणाली. "अहो, एकदा घरी फोन करून बघा ना."

"नको भाभी," काका म्हणाले. "घरात आंघोळ चालू असेल. आपल्यात करत नाहीत. घरचा फोन येईल."

पप्पांनी डोळे मिटले आणि मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. मम्मीने तोंडाला पदर लावला. माझा फोन माझ्या मांडीवर होता आणि त्यावर इनासबाबांचा व्हॉइस मेसेज आलेला दिसत होता. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि फोन कानाला लावला. "बाय, पाठवली गं आजीची. पप्पाला ऐकव. कोणाला सांगू नको हां." बस एवढंच. इतकी वर्षं ते रेकॉर्डिंग एकाच ठिकाणी टाकत आले होते; हाताने सवयीने तेच केलं, आणि त्यांना वाटलं ते माझ्याकडे आलं.

म्हणजे मला माहीत होतं. मला शंका आली वगैरे काही नाही, मला पक्कं माहीत होतं, आणि बाहेर काका ढसाढसा रडत होते. त्या बाथरूममध्ये मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यानंतर पप्पांनी विचारलं असतं, कोणाच्या नावाने मागितलीस? आणि मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं असतं की तुमच्या आईच्या, तुमच्या रडण्याच्या नावाने. मी नळ बंद केला, तोंड धुतलं आणि बाहेर आले. माझे लाल डोळे बघून मम्मीने मला जवळ घेतलं. काकांच्या आईसाठी रडतेय असं तिला वाटलं, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

इनासबाबांचा फोन पप्पांनी लावून पाहिला. ते फोन चर्चमध्येच ठेवून केळीच्या वाडीत गेले असणार, वाजत राहिला. नाव आलं नाही, घरचा फोनही आला नाही, आणि काका रीत मोडून आपण होऊन फोन करायला तयार नव्हते. पण अन्न सोडलेली बाई चौथ्या आळीत एकच होती, त्यामुळे नावाची वाट बघायची कोणाला गरज वाटली नाही. काकांनी आपल्या मिसरी, म्हणजे इजिप्शियन, साहेबाला फोन केला. "सर, माय मदर एक्सपायर्ड." पलीकडून मोठ्याने ऐकू आलं, "हबीबी, गो, गो! खलास, आय टेल एचआर." संध्याकाळचं विमान मिळालं, आठशे दिरहम, म्हणजे तेरा-चौदा हजार, असं पप्पा पुटपुटले. मम्मीने पप्पांचा पांढरा शर्ट इस्त्री केला, कारण काकांच्या अंगावरच्या शर्टाला इंद्यालचा डाग पडला होता. मी त्यांच्या बॅगेत सुकेळी भरली. विमानतळापर्यंत मागच्या सीटवर मी काकांच्या शेजारी बसले होते. सगळा रस्ता त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. सिग्नलला गाडी थांबली की मी ठरवायचे, हिरवा झाला की बोलायचं. तिथे सिग्नल पुष्कळ आहेत.

आम्ही परत येतोय तोवर ग्रुपवर कुवेतहून, मस्कतहून विचारणा सुरू झाली होती, कोण गेलं? आणि मग फादरांचा मेसेज आला: गावात कोणीही गेलेलं नाही, रेकॉर्डिंग चुकून आलं आहे. काका तेव्हा विमानात होते, फोन बंद. पप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि आधी हसले, मग कपाळावर हात मारून घेतला. "इनासबाबा आता म्हातारे झाले," ते म्हणाले. "जुनं काहीतरी दाबलं असेल." मी तेव्हाही बोलू शकले असते. नुकसान त्या क्षणी फक्त एका विमान-तिकिटाचं होतं, आणि सगळे हसायला तयार होते. ते माझ्या हातातलं सगळ्यात सोपं दार होतं. मी "पुअर काका" असं काहीतरी म्हटलं.

रविवारी शाळेत मी ते रेकॉर्डिंग वाजवलं. हो, वाजवलं. शुक्रवारच्या गोंधळात मम्मीचा फोन टेबलावर उघडाच राहिला होता, त्यावरून गुपचूप घेतलं होतं. हॉलमध्ये सगळ्यांनी ठोके मोजले, आणि मला सर्टिफिकेट मिळालं. त्यावर नुसतं हेरिटेज वीक लिहिलेलं होतं, घंटेचं नाव नाही; ते मम्मीने फ्रेम करून घरी हॉलमध्ये लावलं, अजूनही आहे. मी माहेरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

गावी काकांची आई मुलगा आलेला बघून उठून बसली म्हणे. पेज प्यायली. सहा दिवस काका तिच्याजवळ राहिले आणि परत आले, आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे त्या गोष्टीवर हसलोही. त्यानंतर तीन आठवड्यांनी घंटा पुन्हा आली. दोन-दोन तीनदा, आणि चार. या वेळी आवाज मोकळा होता. काका एचआरमध्ये गेले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "बट युवर मदर ऑलरेडी एक्सपायर्ड, लास्ट मंथ." एमर्जन्सी लीव्ह दिली गेली होती, नोंद झाली होती. खरं काय ते त्यांनी परत आल्यावर ऑफिसात सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर खोटी रजा घेतल्याचं बालंट आलं असतं. आई पुरली गेली तेव्हा काका टर्मिनलवर हेल्मेट घालून उभे होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते आमच्याकडे आले ते पत्र लिहायलाच. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. चर्चच्या कौन्सिलला पत्र पाठवायचं होतं, मराठीत, आणि घरात लॅपटॉपवर मराठी टाइप करता यायचं ते फक्त मला.

"लिही," काका म्हणाले. "इनास यांच्या हलगर्जीपणामुळे..."

"व्हॉट इज हलगर्जीपणा?" मी विचारलं.

"केअरलेसनेस गं," पप्पा म्हणाले. "कामात ज्याचं लक्ष नसतं, त्याला म्हणतात."

मी टाइप केलं. "मला माझ्या आईला माती देता आली नाही" हेही मी टाइप केलं. "तरी या माणसाच्या हातून हे काम काढून घ्यावं" हेही. पप्पांनी पुन्हा वाचून एक चूक दाखवली, वेल्डिंगमधली खोट शोधावी तशी, आणि मी ती दुरुस्त केली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला त्रास झाला बाळा," ते म्हणाले. मी त्यांना पाणी आणून दिलं.

कौन्सिलसमोर इनासबाबांना विचारलं, ही घंटा कुठली, का वाजवली? ते म्हणाले, "चुकलं माझं." त्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. विजेची घंटा बसवायचं बरेच दिवस चाललंच होतं. या निमित्ताने ठराव झाला. आता आमच्या गावात टायमरवर दिवसातून तीनदा घंटा वाजते, अगदी मिनिटाला वेळेवर, आणि मरणाची घंटा वाजत नाही. कोणी गेलं की ग्रुपवर फोटो येतो, कडेने फुलं, खाली आरआयपी, आणि त्याखाली लोकांचे जोडलेले हात. हिवाळ्यात मुंबईहून हेरिटेज वॉकवाले येतात. त्यांचा गाईड बावखलात बुडवलेल्या घंटेची गोष्ट छान रंगवून सांगतो, ठोक्यांची रीतही सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी चर्चच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, गावची लेखिका म्हणून. मी जाड भिंतींबद्दल लिहिलं, सुपारीसारख्या द्राक्षांबद्दल लिहिलं, थडग्यांवरची नावं मोठ्या कष्टाने वाचून लिहिली, आणि घंटेबद्दल लिहिलं की काळाच्या ओघात ही प्रथा बंद पडली. लेख छापून आला त्याच महिन्यात इनासबाबा गेले. मी इथे शारजात होते. फोटो आला, फुलं, आरआयपी. मीही खाली जोडलेले हात टाकले आणि मग मला त्या हातांची इतकी किळस आली की फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. काका आता गावीच राहतात. हे पान त्यांना आणि पप्पांना मी छापायच्या आधी देणार आहे. पुढे काय होईल ते होवो.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला होता. घंटेच्या त्या प्रकरणानंतर लगेच आलेला मे महिना, दुपार. त्याआधी शारजात मी कन्फेशनला जाऊन आले होते. फिलिपिनो फादरना इंग्रजीत म्हटलं, आय टोल्ड अ लाय, आणि त्या एवढ्याशा वाक्यावर मला तीन नमो मरियांचं प्रायश्चित्त मिळालं, ते मी पार्किंगपर्यंत चालता चालता उरकलं. त्याने काही हलकं झालं नाही. म्हणून गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, सगळे आडवे झाल्यावर, मी चर्चमध्ये गेले. इनासबाबा फरशी झाडत होते. दोर गेला तरी झाडू त्यांच्याकडेच राहिला होता, कारण त्याला टायमर नव्हता. मनोऱ्याच्या दाराला नवं कुलूप होतं. दोर ओढून पडलेले घट्टे त्यांच्या तळव्यांवर तसेच होते, आणि त्या तळव्यांत झाडूची बारीक काठी अगदीच पोरकट दिसत होती.

मी वाक्य तोंडपाठ करून आले होते. बाबा, मी खोटं बोलले, पप्पांनी काही मागितलं नव्हतं, मी आज सगळ्यांना सांगते. पण त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पहिला शब्द सुचेना. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, दाराकडे एक नजर टाकली, कोणी नाही ना म्हणून, आणि माझ्या जवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं. पाच-सहा महिने त्यांनी हा प्रश्न कोणापाशी काढला नव्हता. कौन्सिलसमोर नाही, काकांनी फोनवर बोल लावला तेव्हाही नाही.

"बाय, पप्पाने ऐकली ना?"

"ऐकली," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पप्पांनी ती ऐकली होती, आमच्या जेवणाच्या टेबलावर, बोटांनी एकेक ठोका मोजत. आपल्या आईसाठी वाजवलेली घंटा ऐकून त्यांनी दुसऱ्याच्या आईसाठी प्रार्थना म्हटली होती.

इनासबाबांनी समाधानाने मान हलवली आणि झाडू पुन्हा हातात घेतला. "मग झालं," ते म्हणाले. "फुकट नाही गेली."